उघडू नये

मित्रांनो, भाजणीच्या डब्याला भोक असू नये, एवढं मलाही कळतं. तरी माझ्या कुशीला एक भोक आहे, सुईच्या टोकाएवढं. मी एक जुना पत्र्याचा गोल डबा आहे. गुडगावच्या एका सोसायटीत, सातव्या मजल्याच्या बाल्कनीत मी पडून असतो. पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. झाकण कधीच हरवलं. ते कुठे गेलं हे कुणी विचारलंही नाही. एके काळी मी कॅमेरा होतो, असं सांगितलं की शेजारची प्लास्टिकची बादलीसुद्धा हसते. हसू दे बापडी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते करोल बागेतलं भांड्यांचं दुकान आणि तिथे मला उलटंसुलटं करून बघणाऱ्या कुमुदबाई. लग्न होऊन नाशिकहून दिल्लीला येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी दुकानातल्या सात डब्यांची झाकणं लावून काढून पाहिली. मग दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, ढक्कन एकदम टाइट चाहिए. हमारी भाजणी को हवा नहीं लगनी चाहिए." भाजणी म्हणजे काय ते त्या सरदारजींना काय ठाऊक! पण माझं झाकण त्यांनी अंगठ्याने दाबून लावलं आणि ते काढताना कुमुदबाईंचं नख मोडलं. तेवढ्यावरच माझी निवड झाली.

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर, आमचं घर होतं. कुमुदबाईंचे यजमान सूर्यकांतराव मंत्रालयात नोकरीला होते. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे चांगलं ऐसपैस अंगण. दरवर्षी दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी माझ्यात भरली जायची आणि होळीपर्यंत तिचा वास जसाच्या तसा राहायचा. "या डब्याला तोड नाही," असं कुमुदबाई शेजारणींना सांगायच्या. खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचो. डब्याला दुसरं काय हवं असतं?

त्यांची एकुलती एक मुलगी स्वरूपा पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. ती नववीत असताना शाळेत चित्रकलेला बळवंत सर आले. दिल्लीत तेव्हा नव्याची नुसती लाट आली होती. दुकानांच्या काचेत परदेशी वस्तू दिसू लागल्या होत्या, घराघरांवर केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि शाळेतल्या मुलांना जपानी कॅमेरे हवे होते. बळवंत सर वर्गात म्हणाले, "कॅमेरा विकत घ्यायचं काही काम नाही. अंधार पाहिजे आणि एक भोक. बाकीचं सगळं उजेड करतो. उद्या घट्ट झाकणाचा एकेक डबा आणा."

स्वरूपा घरी आली ती थेट फळीकडे.

"माझा भाजणीचा डबा? अगं, तुला दुसरं काही मिळालं नाही?" कुमुदबाई ओरडल्या.

"आई, प्लीज ना यार. याचंच ढक्कन टाइट आहे."

"झाकण म्हणावं. आणि आईला यार म्हणू नये."

"हां, तेच. झाकण. देतेस ना?"

कुमुदबाईंनी भाजणी परातीत ओतली, मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं. मी त्या फळीवर परत कधी गेलो नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सरांनी माझ्या कुशीला खिळ्याने भोक पाडलं तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं. पण ते भोक फार मोठं होतं म्हणे. मग स्वरूपाने रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा कापला, तो सपाट केला, दहा नंबरच्या सुईने त्याला टोचलं आणि तो तुकडा माझ्या भोकावर चिकटवला. आतून मला फळ्याचा काळा रंग फासला. भोकावर काळ्या चिकटपट्टीची एक लहानशी झडप लावली. ती उचलली की डोळा उघडायचा, लावली की मिटायचा. आणि माझ्या पोटात, भोकाच्या समोरच्या बाजूला, फोटोचा कागद वाकवून बसवला.

पहिले चार कागद काळेठिक्कर निघाले. पाचव्या कागदावर शाळेची पायरी उमटली. खाली डोकं वर पाय, पांढऱ्याचं काळं नि काळ्याचं पांढरं, आणि माझं पोट गोल असल्यामुळे पायरीची सरळ कड धनुष्यासारखी वाकलेली. स्वरूपा तो ओला कागद हातात धरून व्हरांडाभर नाचली. मग सरांनी तो कागद नव्या कागदावर पालथा घातला, वर काच ठेवली, बॅटरीचा झोत दाखवला, आणि पायरी सुलटी, खरी होऊन बाहेर आली. माझ्या पोटातून भाजणीशिवाय काही निघू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

बळवंत सरांची एक सक्त शिस्त होती. डब्यात कागद भरण्याआधी त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचं, की आज काय काढायचं आहे. "आधी ठरवा, मग भरा. वाटेत जे दिसेल ते काढायला आपण माकडं नाही," असं ते म्हणायचे. भरलेला डबा फक्त लाल बल्बखाली उघडायचा. बाहेर त्याचं झाकण उघडलं तर आतला माणूस मेला म्हणून समजा, असं सांगताना ते अगदी गंभीर व्हायचे. आणि फोटो निघाला की त्याच दिवशी धुवायचा; धुईपर्यंत कागद कोराच दिसतो. स्वरूपा एकदा म्हणाली, "सर, नाही धुतला तर?" सर म्हणाले, "अंधारात असला तर वर्षानुवर्षं थांबेल. पण थांबायला का लावायचं?"

हे वाक्य, मित्रांनो, मी विसरलेलो नाही.

ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं. रविवारी सकाळी स्वरूपा मला पिशवीत घालून निघायची. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून ती डोळ्यापुढे धरायची, पुढे व्हायची, मागे सरायची, झाडाला बाजूला सारायची, भिंतीला जास्त जागा द्यायची. माझ्यातून बघायची सोय नव्हती, म्हणून माझ्या झाकणावर तिने खडूने दोन तिरप्या रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांच्या मध्ये जे येईल ते माझं. मला विटेवर ठेवायचं, वर दगड ठेवायचा, पट्टी उचलायची आणि मोठ्याने अंक मोजायचे. मे महिन्याच्या उन्हात नव्वद. हिवाळ्यात दोनशे चाळीस. धुकं असलं तर मोजून मोजून तिचा घसा सुकायचा. घरी परतल्यावर संध्याकाळचं पाणी आलं की न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद लागायचा, लाल बल्ब पेटायचा, रसायनांचे तीन ट्रे मांडले जायचे आणि बाहेरून सूर्यकांतराव दार ठोठावायचे, "अगं, मला हातपाय धुवायचेत!"

एका रविवारी आम्ही भर दुपारी कॅनॉट प्लेसचा फोटो काढला. रस्त्यावर माणसं, बसेस, रिक्षा, फुगेवाले, सगळं होतं. पण जे हलतं ते माझ्या कागदावर टिकत नाही. फोटो धुतला तर पांढरे खांब, कमानी, रिकामा रस्ता, आणि एका खांबाला टेकून झोपलेला एक म्हातारा तेवढा स्पष्ट. बाकी सगळी दिल्ली नाहीशी. त्या फोटोला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. सभागृहात एका टेबलावर फोटो आणि त्याच्या शेजारी मला ठेवलं होतं. लोक वाकून माझ्या भोकातून आत बघत होते. "कमाल है, डिब्बे से!" असं म्हणत होते. स्वरूपाने व्यासपीठावरून सांगितलं, "हा माझ्या आईचा भाजणीचा डबा आहे." कुमुदबाई पदर डोळ्याला लावून हसत होत्या.

आता खरी गोष्ट सांगतो.

आमच्या अंगणाचे स्वरूपाने बारा फोटो काढले होते. दोरीवरचे कपडे, कढीपत्त्याचं झाड, वाळत घातलेल्या सांडग्यांची चटई, दारातली चूल. एके दिवशी तिने ते बाराही फोटो पलंगावर मांडले. सूर्यकांतराव चष्मा सावरून म्हणाले, "अच्छा! म्हणजे आमचं घर आपोआप चालतं तर!" कारण त्या बारा फोटोंत कुमुदबाई कुठेच नव्हत्या. बाराही वेळा त्या अंगणात होत्या. पण कपडे पिळत होत्या, सांडगे पालथे करत होत्या, दोरीपाशी नि चुलीपाशी आत-बाहेर करत होत्या. त्या सरकल्या आणि पुसल्या गेल्या. एका फोटोत मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्यांच्या चपला होत्या, अगदी अंगठ्याच्या पट्टीच्या शिवणीसकट स्पष्ट.

कुमुदबाई आधी खूप हसल्या. मग त्यांनी एकेक फोटो उचलून पुन्हा पाहिला. "खरंच गं, मी कुठेच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"तू बसतच नाहीस, तर काय करू? चार मिनिटं बस ना एकदा."

"बसेन. सवड झाली की बसेन."

सवड व्हायला डिसेंबर उजाडला, आणि तोही घर सोडायच्या दिवशी. गुडगावच्या सोसायटीत फ्लॅट तयार झाला होता. अठरा वर्षांचा संसार खोक्यांत भरला होता. सकाळी ट्रक दारात उभा होता आणि सूर्यकांतराव हमालांना "आराम से, आराम से" करत होते. कुमुदबाई आत गेल्या आणि वांगी रंगाची साडी नेसून बाहेर आल्या. "चल स्वरू, कुठे बसू सांग," त्या म्हणाल्या. "या अंगणात माझा एक फोटो असू दे."

ट्रे खोक्यात गेले होते, पण माझ्यात आदल्या दिवशी भरलेला एक कागद होता. त्याच्या पाठीवर स्वरूपाने आधीच लिहून ठेवलं होतं: 'आई. अंगण.' म्हणजे ठरवलेलं होतं, बघा. तिने कुमुदबाईंना कढीपत्त्याच्या झाडाशेजारी स्टुलावर बसवलं. मधोमध नाही, जरा उजवीकडे, म्हणजे डावीकडे सगळं अंगण मोकळं राहील. मला चुलीच्या विटेवर ठेवलं. पट्टी उचलली आणि मोजायला सुरुवात केली.

मित्रांनो, तो फोटो आजवर फक्त मी पाहिला आहे. त्या बसल्या होत्या. हात मांडीवर एकावर एक. आधी त्यांना हसू येत होतं, ते पन्नासच्या आसपास थांबलं. फाटकातून दूधवाल्याने हाक मारली, "बहनजी!" त्यांनी उत्तर दिलं नाही. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, तरी त्यांनी मान वळवली नाही. शंभरानंतर त्या सरळ माझ्याकडे, म्हणजे माझ्यामागे उभ्या असलेल्या लेकीकडे बघत राहिल्या. माझ्या पोटाच्या भिंतीवर त्या उलट्या बसल्या होत्या, कढीपत्ता खाली वाढत होता आणि ऊन त्यांच्या डोक्यापासून पायांकडे चढत होतं. कुठलाही माणूस माझ्यात इतका स्थिर कधी राहिला नव्हता. दोनशे चाळीस झाले. पट्टी लागली.

कुमुदबाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी नुसती बसले नव्हते गं. आता नीट धू हो."

"गुडगावला पोचलो की पहिलं काम. प्रॉमिस."

ते प्रॉमिस घेऊन मी ट्रकमध्ये चढलो.

गुडगावला तेव्हा चहूकडे खणलेली माती आणि अर्ध्या इमारती होत्या. पहिले दोन महिने पाण्याचा टँकर यायचा, त्यात फोटो कसला धुणार! मग न्हाणीघराला मोठी काचेची खिडकी निघाली, ती झाकायची कशी? मग परीक्षा. मग सुट्टी, पण ट्रे सापडेनात. "उद्या नक्की, आई," असं स्वरूपा म्हणायची आणि तेव्हा ती खरंच तसं ठरवायची, यात मला शंका नाही. बारावीच्या निकालाला सूर्यकांतरावांनी तिला जपानी कॅमेरा आणून दिला. तो आला त्या दिवशी ती माझ्यावरून हात फिरवून गेली. तोच शेवटचा हात.

मला राग आला का? आला. पण कॅमेऱ्याचा नाही. नव्याला हात लावावा, त्यात काही वावगं नाही. राग याचा की माझ्यात एक माणूस बसलेला होता आणि ते तिला माहीत होतं.

कुमुदबाईंनी पहिली दोन वर्षं विचारलं. "माझा फोटो धुतलास का गं?" नंतर विचारायचं सोडलं. पण जपायचं सोडलं नाही. एका कागदाच्या तुकड्यावर त्यांनी आपल्या गोल अक्षरात 'उघडू नये' असं लिहिलं, तो माझ्या झाकणावर चिकटवला आणि झाकणाच्या कडेने काळी चिकटपट्टी लावली. दर दिवाळीला त्या मला माळ्यावरून खाली काढायच्या, कानाशी धरून हळूच हलवायच्या, आत कागद सळसळला की समाधानाने पुन्हा वर ठेवायच्या. झाकणाची पट्टी सुटली तर नवी लावायच्या. भाजणीला त्यांनी प्लास्टिकची बरणी घेतली, पण "भाजणी मऊ पडते मेली" अशी कुरकुर चालू असायची. एकदा कामाच्या सुमित्राने मला पुसायला घेतलं, तर कुमुदबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, "अगं, वो डिब्बा नहीं खोलने का! उसमें मैं हूँ!" सुमित्राने घाबरून मला खाली ठेवलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

आठ वर्षं मी अंधार राखला, मित्रांनो. पावसात माळ्यावर ओल आली, बुडाला गंज चढला, पण उजेडाचा एक कण आत येऊ दिला नाही. दुसरं काय करणार होतो? माझ्या हातात तेवढंच होतं.

तोवर स्वरूपा मोठी फोटोग्राफर झाली होती. गुडगावच्या नव्या टॉवरांच्या गुळगुळीत माहितीपुस्तकांत तिचे फोटो असायचे. निळे तलाव, हिरवी लॉन, चकचकीत लॉबी. त्यांतही माणसं नसायची. पण माझ्या फोटोत माणसं हलायची म्हणून दिसायची नाहीत. तिच्या फोटोत ती आधीच बाजूला केलेली असायची. "भैया, फ्रेम से हटो," असं ती बागेतल्या माळीबुवांना ओरडते, हे सूर्यकांतराव घरी मोठ्या कौतुकाने सांगायचे. मी माळ्यावरून ऐकायचो. मी कुणाला कधी हटवलं नव्हतं.

मग एक दिवस तिचा फोन आला. पहाडगंजच्या शाळेने तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं.

"आई, तो डबा आहे ना गं अजून? मुलांना दाखवायचाय, आपण कसे फोटो काढायचो ते."

कुमुदबाई पलंगावर बसल्याच. "आहे की. अगदी तसाच आहे. मग तिथे धुणार आहेस का तू?"

"हो हो, सगळं करू. तू फक्त घेऊन ये, चलो, मला मीटिंग आहे."

हो हो. एवढ्या दोन शब्दांवर कुमुदबाईंनी कपाटातून ती वांगी रंगाची साडी काढली. तिला इस्त्री केली. सूर्यकांतरावांना म्हणाल्या, "अहो, शेवटी तिच्या लक्षात होतं हो. शाळेतच धुवायचा म्हणून थांबली होती." माझाही विश्वास बसला. मी तर हरखलोच होतो. टॅक्सीत सगळी वाट कुमुदबाईंनी मला मांडीवर धरलं होतं, आणि ऊन लागू नये म्हणून वरून शाल पांघरली होती.

शाळेचं सभागृह मुलांनी गच्च भरलेलं. उंच खिडक्यांतून दुपारचं लख्ख ऊन आत आलेलं. बळवंत सर निवृत्त होऊन गावी गेले होते. कुमुदबाई नि सूर्यकांतराव पहिल्या रांगेत बसले. मुख्याध्यापिका लतिकाबाईंनी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या आणि स्वरूपाने मला उंच धरलं.

"मुलांनो, हा माझा पहिला कॅमेरा!" पुन्हा टाळ्या. मग तिचं लक्ष झाकणाकडे गेलं. "अरे, हे बघा! माझ्या आईने लिहिलंय, 'उघडू नये'! आई लोकांना ना, कुठलाही डबा जपून ठेवायची सवयच असते." मुलं खदखदून हसली. "सांगा बरं, आत काय असेल? काहीच नाही! फक्त अंधार!"

तिने झाकणाच्या पट्टीचं टोक नखाने उचकटलं.

"अगं स्वरू, नको..." कुमुदबाई अर्ध्या उठल्या. पण सभागृहात हशा चालू होता आणि पट्टी चर्रकन निघाली. मी झाकण धरून ठेवायचा प्रयत्न केला. करोल बागेत ज्याने नख मोडलं तेच झाकण. पण आता त्याची कड गंजून झिजली होती. ते निघालं.

आठ वर्षांनी माझ्यात उजेड आला, तो सगळा एकदम.

स्वरूपाने आत पाहिलं. तिचा हात थांबला. तिने कागद बाहेर काढला आणि उलटा केला. पाठीवरची पेन्सिल जशीच्या तशी होती: 'आई. अंगण.' ती तिने वाचली. त्या वेळी ती काहीही म्हणू शकली असती. 'माझं चुकलं' असं म्हणाली असती, तरी चाललं असतं. निदान गप्प बसली असती.

तिने ती अक्षरं अंगठ्याखाली झाकली आणि कागदाची पुढची बाजू मुलांकडे केली.

"हा नुसता कोरा कागद आहे. असा कागद आत लावायचा. आता मजा बघा, उजेडात याचा रंग कसा बदलतो ते."

आणि रंग बदलायला लागला. पांढऱ्याचा गुलाबी, गुलाबीचा जांभळट, मग करडा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली नि म्हणाली, "ताई, यावर आधी कुणाचा फोटो होता का?"

"नाही गं. कोराच होता."

कुमुदबाई खाली बसल्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दोनच वाजवल्या.

मित्रांनो, भोक पाडलं तेव्हा मला लागलं होतं. माळ्यावर टाकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण विश्वासघात म्हणतात तो काय, हे मला त्या टाळ्यांमध्ये कळलं. फोटो गेला, ते चुकून गेलं असं मी मानायला तयार आहे. पण जी बाई चार मिनिटं जागची हलली नव्हती, तिला तिच्याच लेकीने सगळ्यांदेखत कोरं म्हटलं. ते मला सोसवत नाही, आजही.

संध्याकाळी गुडगावला स्वरूपा पाठोपाठ घरी आली. कुमुदबाई स्वयंपाकघरात होत्या.

"आई, सॉरी. एवढ्या लोकांसमोर मी काय बोलणार होते, सांग ना?"

"कशाबद्दल?"

"तो फोटो..."

"कुठला फोटो?" कुमुदबाई परातीत पीठ चाळत म्हणाल्या. "कोराच होता ना तो?"

स्वरूपाने गळ्यातला मोठा कॅमेरा हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही. "बस ना, आई. आत्ता काढते. एका सेकंदाचं काम आहे."

"एका सेकंदासाठी बसायचं कशाला?" कुमुदबाई म्हणाल्या. "काढ की अशीच. मला कणीक भिजवायचीय."

तो कॅमेरा खटकन वाजला. फोटो छान आला असेल. त्यात कुमुदबाईंच्या हातावरचं पीठसुद्धा दिसत असेल. मी तो पाहिलेला नाही.

माझं झाकण शाळेतच राहिलं. झाकण नसलेल्या डब्याला अंधार कुठला, आणि अंधाराशिवाय भोकाचा काय उपयोग? आतून काळा रंग, म्हणून मला खायच्या वस्तूंनाही वापरता येईना. कुमुदबाईंनी मला बाल्कनीत आणून ठेवलं आणि माझ्यात चिमटे भरले. पण त्याआधी तो करडा पडलेला कागद त्यांनी माझ्या बुडाशी घातला, पेन्सिलीची बाजू वर करून.

मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पत्रा आहे, माझा गंज मला ठाऊक आहे. पण तुमच्या सांगण्यावरून कुणी कामं टाकून स्वस्थ बसलं असेल, तर त्या माणसाला अंधारात थांबवून ठेवू नका. धुवायचं ते त्याच दिवशी धुवा. आणि हातून चुकलंच, तर पाठीवरचं नाव अंगठ्याखाली झाकू नका. एवढंच मागतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो नि थांबतो. दुपारचं ऊन बाल्कनीत आलं होतं. कुमुदबाई कपडे काढायला आल्या, चिमटे माझ्यात टाकले आणि काय मनात आलं कोण जाणे, चपला काढून समोरच्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर एकावर एक. माझ्या भोकाकडे बघत त्यांचे ओठ हलू लागले. त्या मोजत होत्या. मी जीव एकवटून बघत राहिलो, माझ्यात कागद नाही हे माहीत असूनही. तिसापर्यंत आल्या तेव्हा आत कुकरची शिट्टी झाली, आणि त्या अनवाणीच लगबगीने उठून गेल्या. कागद असता तरी त्या फोटोत दिसल्या नसत्या. फक्त चपला आल्या असत्या.